सप्लायवाले काका

भिलाईच्या नेहरू नगरात कुणाचं काहीही बिघडलं की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘‘सप्लाय पाहिला का?’’ कूलर फिरत नाही, सप्लाय पाहा. नातवाचं गणितात डोकं चालत नाही, सकाळी काय खाल्लं ते पाहा. भिलाई स्टील प्लांटच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये हयात काढलेल्या या माणसाला जगात दोनच प्रकारचे दोष दिसतात : सप्लायमधले, आणि उगाच सप्लायवर ढकललेले.

४ फेब्रुवारी १९५९ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, त्या सुमारास काकांचे वडील नागपूरकडून नोकरीला आले. त्यांच्या सामानात एक व्हॉल्व्हचा रेडिओ होता. तेव्हा रेडिओला पोस्टातून लायसन घ्यावं लागे. आता लायसन नको, पण रेडिओ वाजत नाही. काकांना दोन्ही गोष्टी सोयीच्या झाल्या.

कारण नोकरीत असताना रात्री-अपरात्री दाराशी जीप यायची. ‘‘साहब, ब्रेकडाउन!’’ काका अर्ध्या झोपेत बूट चढवायचे आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणे त्या वेळी त्यांचा चेहरा मुंजीतल्या बटूसारखा खुलायचा. निवृत्तीनंतर जीप बंद झाली. मग काकांनी ब्रेकडाउनच घरी आणून ठेवला : वडिलांचा तो बंद रेडिओ.

काम सुरू करण्याआधी शटडाउन. रेडिओची पिन काढली तरी भागतं, हे काकूंनी एकदाच सुचवून पाहिलं. तेव्हापासून मेन स्विचवर पुठ्ठ्याची पाटी लटकते : ‘आदमी काम कर रहा है, स्विच चालू न करें’. काकू अर्धवट वाटलेल्या चटणीसमोर हाताची घडी घालून उभ्या. पिन काढली तरी आतल्या कंडेन्सरमध्ये अडीचशे व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. म्हणून काका आधी रेझिस्टन्स लावून त्यांना शांत करतात. चालू सेटला हात लावायचा तर डावा हात खिशात. त्या खिशात शेंगदाणे असतात, ही सुरक्षा नियमावलीबाहेरची सोय.

मग सिरीज बोर्ड. रेडिओ थेट लाइनवर द्यायचा नाही. मध्ये शंभर वॉटचा पिवळा बल्ब. बल्ब क्षणभर भक्कन पेटून मंदावला तर ठीक, तसाच झगझगत राहिला तर आत शॉर्ट. भाचीसाठी सांगून आलेला मुलगा फार गोड बोलला, तेव्हाही काका म्हणाले होते, ‘‘सुरुवातीला सगळेच पेटतात. मंदावतो का ते पाहू.’’

रेडिओ लागला तो ‘घूंऽऽ’ करतच. काकांनी डोळे मिटले. ‘‘शंभर सायकल. म्हणजे रेक्टिफायर दोन्ही बाजूंनी ओढतोय, फिल्टरचा कंडेन्सर वाळलाय.’’

‘‘आणि पन्नास असते तर?’’ मी विचारलं.

‘‘तर एक बाजू संपावर!’’

कंडेन्सर आणायला काका पॉवर हाउसला गेले. पॉवर सप्लायचा माल पॉवर हाउसलाच मिळणार, या तर्कात गैर काहीच नव्हतं. फक्त ते आमच्याकडच्या बाजार आणि रेल्वे स्टेशन असलेल्या भागाचं नाव आहे. दुकानदारानं सांगितलं, ‘‘बडा वाला ले जाओ, अंकल, और अच्छा चलेगा.’’ काकांनी त्याला काउंटरवरच शिकवणी दिली : रेक्टिफायर व्हॉल्व्ह ईझेड-८०; पहिला कंडेन्सर पन्नास मायक्रोफॅरडच्या वर गेला की तो भरता भरता व्हॉल्व्ह मरतो. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. एकानं मोबाइलचा चार्जर तसाच परत नेला.

कंडेन्सर बदलला, घूं गेली, पण जिथे अडीचशे व्होल्ट हवेत तिथे मीटर एकशेऐंशी दाखवी. सगळ्या घरानं रेक्टिफायरवर बोट ठेवलं. काका कडाडले, ‘‘कमावणाऱ्याला दोष देऊ नका, खाणारा शोधा!’’ आणि खरंच, एक जुना कागदी कपलिंग कंडेन्सर गळत होता. त्यामुळे आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको तो पॉझिटिव्ह व्होल्टेज जाई आणि तो व्हॉल्व्ह बेसुमार करंट खाई. कंडेन्सर नवा टाकताच काटा अडीचशेवर. काकांनी विजयी मुद्रेनं लेकाकडे पाहिलं. तो महिनाअखेर होता.

रेडिओ गाऊ लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या, काकूंनी शिरा केला. काका मात्र दिवसेंदिवस सुकत चालले. शेजारीपाजारी फिरून विचारायचे, ‘‘काही त्रास? काहीच नाही?’’ सगळ्यांचं सगळं चालू. सरकारी विजेनंही या माणसाची दया केली नाही; दिवेसुद्धा जाईनात.

शेवटी काकूंनी मला फाटकाशी गाठलं. ‘‘अहो, काहीतरी तक्रार सांगा त्यांना. सकाळपासून फ्रीजकडे बघत बसलेत.’’

मी आत गेलो, रेडिओला कान लावला आणि कपाळाला आठ्या घालून म्हटलं, ‘‘काका, बारीक घूं येतेय का हो?’’

येत नव्हती. काकांना लगेच ऐकू आली.