टाकीतले पाणी टक्क्यांत कसे आणावे

साहित्य: गच्चीवरची टाकी, झाकणाला आतून बसवलेला अल्ट्रासॉनिक सेन्सर (पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळतो), जिन्यातून खाली ओढलेली वायर आणि भिंतीवर टांगायला जुना टॅब. घरच्यांची संमती ऐच्छिक.

सेन्सर पाणी मोजत नाही, हे गृहस्थाने आधीच समजून घेतलेले बरे. त्याने सोडलेला आवाज पाण्यावर आपटून परत यायला किती मायक्रोसेकंद लागले, एवढेच तो सांगतो. त्या आकड्याला ५८ने भागले की सेंटिमीटर येतात. बहुतेक गृहस्थ इथेच कृतार्थ होऊन पडद्यावर ‘९५’ झळकवतात. आजोबा टाकी ९५ टक्के भरली असे समजून कुंड्यांना खुशाल पाइप लावतात आणि थोड्याच वेळात साबण लावलेला नातू बाथरूममधून हाका मारू लागतो. ९५ हे झाकणापासून पाण्यापर्यंतचे अंतर. ते वाढते तसे पाणी घटते. भरल्या टाकीला अंतर २० आणि रिकामीला १२० येत असेल, तर १२०मधून ९५ वजा करावेत. उरले २५, आणि दोन टोकांत नेमके १०० सेंटिमीटर असल्याने तेच टक्के. ज्यांची टाकी इतकी समजूतदार नाही, त्यांनी भागाकार करावा.

त्याच टॅबवर हवेचा दाबही दाखवायचा झाल्यास त्याला बेरीज पुरते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, म्हणून घरचा दाबाचा सेन्सर ९४७ हेक्टोपास्कलच्या आसपास दाखवतो. हवामान खाते मात्र समुद्रसपाटीला आणलेला, १०१०च्या घरातला आकडा देते. मधले साठ-पासष्ट मिळवले नाहीत, तर सदाशिव पेठेवर चक्रीवादळ घोंगावत असल्याचा आलेख निघतो. शेजाऱ्यांना दाखवायचा असल्यास मिळवू नयेत.

तापमानात खरी परीक्षा गुरुवारी. देखभालीसाठी गेलेली वीज परत आली, की डीएस१८बी२० हा तापमापक पहिले मोजमाप पुरे होईपर्यंत ८५ अंश सांगतो. त्याची घडणच तशी. २०१९च्या एप्रिलअखेर शिवाजीनगरला पारा ४३वर गेला, तेव्हा सारे शहर हवालदिल झाले होते. इथे दिवाणखाना त्याच्या जवळजवळ दुप्पट तापतो आणि कोणी पंखाही वाढवत नाही. त्या एका ८५ला जागा करून देण्यासाठी आलेखाचा उभा अक्ष ताणला जातो आणि आठवडाभराचे २४ ते ३१ अंश खाली सपाट रेघ होऊन पडतात. ८५ गाळावा, अक्ष १५ ते ४५ असा बांधून टाकावा.

एवढे जमल्यावर घरची टाकी सोडून पुण्याच्या धरणांकडे वळावे. खडकवासला १०० टक्के भरले, की पाणीकपात संपल्याच्या गप्पा सुरू होतात. त्याची क्षमता १.९७ टीएमसी, पानशेत, वरसगाव, टेमघर धरून चौघांची २९.१५. म्हणजे काठोकाठ भरलेले खडकवासला एकूण साठ्याच्या सात टक्केही नाही. चार धरणांचे टक्के मिळवून चारने भागणाऱ्याच्या हातून टॅब काढून घ्यावा: आधी साठ्यांची बेरीज, टक्के मागाहून. लिटरचा मोह टाळावा. एका टीएमसीचे सुमारे २,८३२ कोटी लिटर होतात, आणि जुन्या टॅबवर तेवढी शून्ये लिहिली तर आलेखाला जागा उरत नाही.