खोगीरभरती

चांदणी ही निवृत्त झालेली वरातीची घोडी. वेल्ह्यातल्या एका बँडवाल्यानं ती मला विकली. खरं तर खपवली. "पाठीला हात लावू देत नाही साहेब. परवा एका नवरदेवाला मांडवाऐवजी उकिरड्यावर उतरवलं," एवढं मात्र त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. (कागदावर तालुक्याचं नाव आता राजगड झालंय. पण चांदणी आली ती वेल्ह्याहून, आणि तिचा तोरा तोरण्याएवढा.) टेंपोतून ती आमच्या दारात उतरली तेव्हा बायको म्हणाली, "लोक रिटायर झाल्यावर कुत्रा पाळतात."

आमचं दार म्हणजे भोरच्या पुढं, महाडच्या रस्त्याला, नीरा-देवघरच्या पाण्याकडं बघत असलेला बारा गुंठ्यांचा तुकडा. पहिल्याच आठवड्यात जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. त्यांनी चांदणीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत नेली. डावीकडं एका जागी तिनं कातडी अशी थरथरवली, की बसलेल्या माश्या एकदम उठल्या. "स्नायू दुखावलाय. आराम द्या, आणि खोगीर बघून घ्या," डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांचं निम्मंच ऐकायची आमच्या घराण्याची रीत आहे. मी 'आराम' एवढंच ऐकलं.

त्याच सुमारास पुण्यात घोड्यांच्या स्पर्शोपचारांचं दोन दिवसांचं शिबिर होतं. लिंडा टेलिंग्टन-जोन्स या बाईंनी १९७० च्या दशकात सुरू केलेली ही पद्धत. घोड्याच्या अंगावर मनानं घड्याळाची तबकडी काढायची. बोटांनी कातडी हलकेच सरकवत सहापासून निघायचं, पूर्ण वळसा घालून पुन्हा सहावर यायचं आणि तिथून नवापर्यंत जायचं. म्हणजे सव्वा वर्तुळ. बँकेत छत्तीस वर्षं माझं घड्याळ सहावर थांबायचं, हे पुढचं नवापर्यंतचं काम मला नवीन होतं. जोर किती लावायचा? मिटलेल्या पापणीवर बोट फिरवताना लावू तेवढा. मी घरी येऊन बायकोच्या खांद्यावर सराव करायला गेलो. "आधी हात धुवा," एवढाच अभिप्राय आला.

चांदणीनं पहिले चार दिवस मला लाथेच्या टप्प्याबाहेरच ठेवलं. पाचव्या दिवशी मान दिली. आयाळ संपते तिथल्या उंचवट्याशी मी बोटं फिरवायला लागलो आणि तिचा खालचा ओठ लोंबकळला. हे काही माझं कौतुक नव्हे. घोड्या एकमेकींना नेमकं तिथंच दातांनी खाजवत उभ्या राहतात. फ्रान्समध्ये कामार्गच्या घोड्यांवर १९९३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्या जागी खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, दुसरीकडं खाजवून तसं होत नाही. म्हणजे स्पर्शात काही आहे, हे थोतांड नाही. थोतांड असलंच तर ते आपल्या डोळे मिटून बसण्यात.

जिम मास्टरसन नावाच्या अमेरिकी गृहस्थांची पद्धत आणखी बारीक. ताण सुटला की घोडा डोळे मिचकावतो, ओठ चाटतो, जांभई देतो. तेव्हा हात तिथंच ठेवून थांबायचं. मी वही घातली. सोमवार : मिचकावणं सात, जांभया दोन. ती वही मी रात्री जेवताना वाचून दाखवायचो, आणि बायकोचा ताण तिथल्या तिथं सुटायचा. एकामागून एक तीन-तीन वेळा.

मग सुगंधोपचार. जनावरापुढं तेलाच्या बाटल्या धरायच्या, त्याला हवं ते ते निवडतं म्हणे. लॅव्हेंडरवर चांदणी शिंकली. दुसऱ्या बाटलीचं लेबल तिनं खाल्लं. तिची खरी निवड माझ्या शर्टाच्या खिशातली ओव्याची पुडी होती, ती कागदासकट गेली. गावातले उपाय वेगळेच. निरगुडीच्या पाल्याचा शेक मी दिला, तो तिला मानवला. पण एकानं "पाठीवर डाग द्या, लगेच मोकळी होईल" असंही सुचवलं. गावठी तेवढं सगळं मायेचंच असतं असं नाही. त्याला मी फाटकापर्यंत पोचवून आलो.

शिवकाळात पागेतल्या पंचवीस बारगिरांमागं एक नालबंद आणि एक पखालजी असे. माझ्याकडं एका घोडीमागं एक शिबिर, दोन पुस्तकं, तीन बाटल्या आणि एक वही झाली. पाठ मात्र दर सोमवारी पुन्हा लाकडासारखी. रविवारी नातू यायचा. त्याच्यासाठी मी चांदणीवर तिचं वरातीचं खोगीर चढवायचो, गोंडे-आरशांसकट. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, हे छत्तीस वर्षं ताळेबंद जुळवलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही.

दिवाळीनंतर शेजारच्या रिकाम्या भातखाचरात धनगरांचा तळ पडला. खतासाठी मेंढरं बसवायची, दोन दिवस थांबायचं आणि वरंध घाटानं कोकणात उतरायचं, असा त्यांचा क्रम. बरोबर बुटकी, काटक तट्टं. सगळा संसार त्यांच्या पाठीवर : गोधड्या, भांडी, वर कोंबड्या, आणि त्या सगळ्यावर कालपरवा जन्मलेलं कोकरू. ही भीमथडीची जात. जनावरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय ब्युरोनं अलीकडं तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केलीय. मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं तेव्हा तळावरचे म्हातारे मामा म्हणाले, "नोंद झाली म्हंजी आता वाटंला चारा मिळंल का?"

मामा माझी सव्वा वर्तुळं कुंपणावर हात ठेवून बघत होते. त्यांचं स्वतःचं काम साधं होतं. ओझं उतरवलं की वाळल्या गवताची मूठ वळायची, तिनं घामेजलेली पाठ चोळायची आणि घोडं धुळीत लोळायला सोडायचं. "आमचा बा बी आसंच चोळायचा. डोळं उघडं ठिवून," ते म्हणाले. मग विचारलं, "खोगीर कुटं हाय?"

मी आणून दिलं. मामांनी ते उलटं केलं, आत तळहात फिरवला आणि माझा हात धरून एका जागी दाबला. डाव्या बाजूला आवळ्याएवढी टणक गाठ. नवरदेव चढायचे ते डावीकडून, आणि आतला पेंढा वर्षानुवर्षांच्या घामानं तिथं गोळा होऊन दगड झालेला. सहा दिवस मी बोटांनी जे सोडवत होतो, ते रविवारी दहा मिनिटांत पुन्हा आवळलं जात होतं. 'खोगीरभरती' हा शब्द मी आजवर लोकांच्या भाषणांना लावत आलो. तो खोगिराबद्दलही असतो, हे साठीनंतर कळलं.

भोरात खोगीर भरणारा मिळेना. शेवटी गादीवाल्याकडं गेलो. त्यानं खोगीर निरखून विचारलं, "सिंगल का डबल?" नवा कापूस भरल्यावर चौथ्या रविवारी चांदणीनं कान न पाडता नातवाला घेतलं. मात्र वर्तुळांची तिला आता सवय लागलीय. संध्याकाळी पाच वाजले की ती मान कुंपणावर टाकून उभी राहते, आणि सवापाचपर्यंत कुणी आलं नाही तर बादली उलथवते.

मामांचा तळ केव्हाच हलला. जाताना त्यांनी माझ्याकडं एकच तक्रार केली, ती घाटातल्या गाडीवाल्यांची. तेव्हा दिवाळीनंतर भोर-महाड रस्त्यानं कोकणात उतरत असाल आणि पुढं ओझ्याची घोडी दिसली, तर कृपा करून हॉर्न वाजवू नका. वर कोकरू असतं.