मीटरमध्ये मोजायची वाइन

वाइन लिटरमध्ये मोजतात, हा सर्वमान्य समज अर्जेंटिनात आंदीज पर्वताच्या कुशीत शिरल्यावर टिकत नाही. तेथे ती मीटरमध्ये मोजतात. बाटलीच्या लेबलवर द्राक्षाची जात आणि हंगामाचे वर्ष यांच्या जोडीला बागेची समुद्रसपाटीपासूनची उंचीही पुष्कळदा छापलेली असते. साल्ता प्रांतातील कोलोमे या वायनरीची ‘आल्तुरा माक्सिमा’, म्हणजे ‘कमाल उंची’, नावाची बाग ३,१११ मीटरवर आहे. ३,१०० म्हटल्याने कोणाचे काही बिघडले नसते, पण वरचे अकरा मीटर सोडण्याइतके औदार्य या धंद्यात नाही. १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर दुसरी कळसूबाई चढवली, तर ही बाग दुसरीच्या माथ्याच्या जरा अलीकडे येईल.

या उंचीचा सर्वांत लाडका रहिवासी मालबेक हा मात्र जन्माने पहाडी नव्हे. रेड वाइनसाठी लावले जाणारे हे काळे द्राक्ष मूळचे नैऋत्य फ्रान्सचे, काओर परिसरातील नदीकाठचे. १८५३ मध्ये, पुढे अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या सार्मिएन्तो यांच्या पुढाकाराने तेथील मेंदोसा येथे कृषिशाळा निघाली आणि मिशेल एमे पूजे या फ्रेंच कृषितज्ज्ञाने तेथे मालबेकसह फ्रेंच वेलींची रोपे आणली. मागे मायदेशी फिलॉक्सेरा या मुळांचा रस शोषणाऱ्या किडीने उच्छाद मांडला आणि १९५६ च्या हिमदहनाने उरल्यासुरल्या बागांनाही झोडपले. त्यामुळे घराण्याचे नाव काढण्याचे काम, बहुतेक घराण्यांत होते तसे, परदेशी गेलेल्या शाखेकडे आले.

वेलीला इतके वर चढवण्यामागचे कारण लेबलच्या डौलाला शोभणारे नाही. सखल भागात उकाडा फार, आणि उकाड्यात द्राक्षाची साखर झपाट्याने वाढते, तर आंबटपणा तितक्याच झपाट्याने उतरतो. दर १,००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटत असल्याने वर गार रात्री मिळतात आणि त्या हा आंबटपणा राखतात. म्हणजे वेल डोंगरावर जाते ती लोक मे महिन्यात महाबळेश्वरला जातात त्याच हेतूने. फरक इतकाच की, महाबळेश्वरहून परतलेला मनुष्य तेथील उंची व्हिजिटिंग कार्डावर छापत नाही. शिवाय साल्ता मेंदोसापेक्षा विषुववृत्ताच्या जवळ असल्याने तेवढ्याच गारव्यासाठी तेथे अधिक चढावे लागते. तेव्हा मोठा आकडा हा मोठ्या पुण्याचा पुरावा नसून पुष्कळदा खालच्या मोठ्या उकाड्याचा कबुलीजबाब असतो.

हे थंड हवेचे ठिकाण सुखाचेही नाही. मेंदोसात वर्षाकाठी पाऊस जेमतेम २०० मिलिमीटर, म्हणून बर्फ वितळून आलेले पाणी ‘असेकिया’ नावाच्या पाटांनी फिरवावे लागते. गारपिटीपासून बचावासाठी वेलींवर जाळी ताणतात. सर्वांत जाच उन्हाचा, कारण विरळ हवेतून अतिनील किरण अधिक तीव्रतेने पोचतात. त्यांच्यापासून बचाव म्हणून द्राक्ष साल जाड करते आणि तिच्यात अँथोसायनिन, म्हणजे जांभळ्या रंगाची द्रव्ये, साठवते. रस जवळजवळ बिनरंगी असतो. सालींसह आंबवल्यावरच त्याला रंग आणि तुरटपणा चढतो. पेला दिव्यासमोर धरून, दोनदा फिरवून, त्यात नाक बुडवून रसज्ञ ज्या ‘गांभीर्या’ची प्रशंसा करतो, ते वस्तुतः एका फळाने उन्हाच्या भीतीने फासलेले मलम असते.

पुढे ही बाटली सारा घाट उतरून समुद्रसपाटीलगतच्या ब्वेनोस आइरेसला येते आणि निखाऱ्यांवर भाजलेल्या गोमांसाबरोबर, खुर्चीत रेलून, उंचीचा आस्वाद घेतला जातो. ज्या सालींनी सारे ऊन सोसले त्यांना या मैफिलीचे आमंत्रण नसते. पिळून झाल्यावर त्यांचा चोथा होतो, पुष्कळदा त्याचेच खत होऊन ते वेलींच्या बुडाशी घातले जाते, आणि लेबलवरचे ते सगळे मीटर अखेर चोथ्याच्याच वाट्याला येतात.