विशलिस्टवाला

कोथरूडच्या एखाद्या जुन्या सोसायटीत रात्री दोनला खिडकीत निळा उजेड दिसला, तर आत कुणी परीक्षेचा अभ्यास करतंय असं समजू नये. तिथे गेम बनतोय. बनवणारा तिशीतला, आयटीतली बरी नोकरी सोडलेला, आणि आईच्या शब्दांत ‘घरूनच काहीतरी करतो’. त्याचा गेम दर वर्षी पुढच्या दिवाळीला येणार असतो.

‘काय म्हणतोस?’ विचारलं तर हा तब्येत सांगत नाही, विशलिस्ट सांगतो. स्टीम या ऑनलाइन दुकानात किती जणांनी आपला गेम ‘पुढेमागे घेऊ’ म्हणून टिपून ठेवलाय, तो आकडा. जेवताना, रिक्षात, वैकुंठात कुणाला पोचवायला गेला तरी तिथेसुद्धा तो हळूच फोन काढून आकडा बघून घेतो. काल अकरा वाढले, आज तीन गळाले. त्या तिघांत चुलतभाऊ असावा असा त्याचा दाट संशय आहे.

भिंतीवर गणपतीच्या शेजारी त्यानं एरिक बॅरोनचा फोटो लावलाय. या अमेरिकन बाबानं साडेचार वर्षं एकट्यानं खपून चित्रं, संगीत, कोड, सगळं स्वतः केलं. पोटापाण्यासाठी सिएटलच्या एका थिएटरात प्रेक्षकांना खुर्च्या दाखवल्या. आणि २०१६ साली ‘स्टारड्यू व्हॅली’ काढला. आजवर त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्यात. हे पुराण तो बघायला गेलेल्या प्रत्येक मुलीच्या घरी लावतो. जोडीला पुण्याचं उदाहरण हवं म्हणून नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ असतोच. २०२० साली तो थेट निन्टेन्डो स्विचवर गेला, हे सांगताना याचा आवाज चढतो. मुलीचे वडील पोह्यांतले शेंगदाणे वेचत विचारतात, “आणि एकूण किती जण काढतात असे गेम?” २०२४ या एका वर्षात स्टीमवर अठरा हजारांच्या वर गेम आले. हा आकडा त्याला पाठ आहे. पण त्या घरात तो पाणी मागतो.

आत्याचा प्रश्न निराळा. “अरे, पण दुकानात कुठे मिळेल तो? मी भिशीतल्या बायकांना सांगते ना.” दुकानात मिळत नाही म्हटल्यावर आत्याच्या लेखी गेम अस्तित्वातच नाही. शेवटी त्यानं एक चकचकीत खोका छापून घेतला आणि तिच्या शोकेसमध्ये ठेवला. आत काही नाही. पण हल्ली दुकानात येणाऱ्या कित्येक खोक्यांतही डिस्क नसते, डाउनलोडच्या कोडची नुसती चिठ्ठी असते. त्या हिशेबानं आत्याचा खोका काळाच्या फारसा मागे नाही.

दुकान म्हणजे कोपऱ्यावरच्या काकांचं. शाळेत असताना हा तिथे जुनी डिस्क देऊन वर थोडे पैसे घालून दुसरी घ्यायचा. काकांचा खरा धंदा या जुन्या मालावरच होता. डाउनलोड केलेला गेम ना परत विकता येत, ना मित्राला देता येत. तिथेच त्यांचं कंबरडं मोडलं. खरं तर चाहूल २००४ सालीच लागायला हवी होती. ‘हाफ-लाइफ २’चा खोका काकांकडून घेतला, तरी घरी जाऊन स्टीमचं खातं उघडल्याशिवाय गेम चालत नव्हता. म्हणजे काकांनी आपली गिऱ्हाइकं आपल्याच हातांनी पलीकडे पोचवली. आता ते मोबाइलची कव्हरं आणि टेम्पर्ड ग्लास विकतात.

“तुम्हा लोकांमुळे आमचं दुकान बसलं,” काका त्याला ऐकवतात. तो मान खाली घालतो. वास्तविक त्या दुकानात याचा गेम कधी लागलाच नसता. फळीवर जागा चाळीस खोक्यांची, त्यातली निम्मी क्रिकेट, फुटबॉल आणि कुस्तीनं अडवलेली. डिस्क छापायची कुणी, वितरक गाठायचा कुठून? आता शंभर डॉलर भरले की कुणालाही दार उघडं. हजार डॉलरची विक्री झाली तर ते शंभरही परत. पुढे विक्रीतले तीस टक्के स्टीमचे. हे ऐकून काका कव्हर चढवता चढवता थांबले. “तीस? भाडं नाही, नोकर नाही, आणि तीस?” त्या दिवसापासून दोघांचं जमतं.

स्टीमचा एक नियम मात्र त्याच्या जिवावर उठलाय. गेम घेतल्यापासून चौदा दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळून परत केला, तर पैसे परत. याच्या गेममध्ये एक हेर रात्री गड चढतो, आणि सराईत खेळणारा दीड तासात माथ्यावर. पूर्ण खेळून, वर परत! म्हणून यानं गडाला आणखी दोन दरवाजे, एक भुयार आणि न संपणाऱ्या पायऱ्या बांधल्या. शिवकाळातही एवढ्या झपाट्यानं बांधकाम झालं नसेल.

शिवाय सकाळी उठून पन्नास ईमेल. ‘आम्ही मोठे समीक्षक, पाच कोड पाठवा.’ बहुतेक ठग, फुकटचे कोड घेऊन बाहेर विकणारे. पण एखादा खरा निघाला तर? म्हणून तो प्रत्येकाला उत्तर लिहितो. उन्हाळी सेल आपल्याकडे रात्री साडेदहाला उघडतो, तेव्हा तर घरात कुणी बोलायचं नसतं. टिपून ठेवणारे बहुतेक याच मुहूर्ताची वाट बघत असतात. किंमत उतरली की घेऊ, एवढाच त्यांचा कलाप्रेमाचा हिशेब. गेम बनवण्याच्या चार वर्षांत तो निम्मा वेळ दुकानदारच झालाय, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

असा एखादा तुमच्याही नात्यात असेल. त्याच्याकडे फुकट कोड मागू नका; त्या कोडवर लिहिलेला अभिप्राय स्टीम गुणांकनात धरत नाही, आणि विकत घेणाऱ्या दहा जणांनी लिहिल्याशिवाय गुणांकन दिसतच नाही. तेव्हा विकत घ्या, आणि निदान दोन तास एक मिनिट तरी खेळा.