पॅकमधली हलगी कुणाची?

भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद; तिकडे आळंद, अफझलपूर. सीमाभागातल्या या गावांत आज एफएल स्टुडिओ हे गाणी बनवायचं सॉफ्टवेअर उघडून बसणारी पोरं आहेत. कुणी मोबाइलच्या दुकानात कामाला, कुणी डीजेच्या गाडीवर वायरी ओढणारा, कुणी कॉलेज अर्धवट सोडलेला. त्यांना विचारा, आता पुढं काय शिकायचंय? उत्तर ठरलेलं असतं: मास्टरिंग. आवाज आणखी मोठा कसा काढायचा, ड्रॉप आणखी जड कसा पाडायचा, बेस छातीत कसा बसवायचा.

या पोरांना नावं ठेवायला गावातली शहाणी माणसं पुढं असतात. मला त्यांचं कौतुक आहे. ना शिक्षक, ना स्टुडिओ, ना धड हेडफोन, आणि तरी रात्र-रात्र जागून ती सॉफ्टवेअर शिकली. म्हणूनच त्यांना सरळ सांगतो. मास्टरिंग राहू द्या. आधी रेकॉर्डिंग शिका.

कारण ऐका. शिवजयंतीला, भीमजयंतीला, गणपतीला, बसवजयंतीला निघणाऱ्या मिरवणुका आठवा. गाणं बदलतं, झेंडा बदलतो, भाषा मराठीची कन्नड होते, पण खाली धडधडणारा ताल एकच. तोच किक, तोच सायरन, तोच ‘हलगी लूप’. सगळ्यांच्या मोबाइलवर तयार आवाजांच्या एकाच पॅकची झिप फाइल फिरते. कुणाची तरी एफएलपी, म्हणजे तयार प्रोजेक्ट फाइल, विकत घ्यायची, गाणं बदलायचं, सुरुवातीला आपल्या नावाची आरोळी घालायची, झाला ‘अमुक मिक्स’. गाण्यातून गायकाचा आवाज सोडवणं ही एके काळी मोठी करामत होती. 2019 मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीनं स्प्लीटर फुकट सोडलं आणि ती करामत एका बटणावर आली. जे बटणावर आलं त्यात आता तुमचं वेगळेपण उरलं नाही.

आणि त्या पॅकमधली हलगी कुणाची? कुठल्या गावची, कुणी वाजवलेली, कुणालाच ठाऊक नाही. दहा हातांतून एमपी3 होत होत आलेली, दोन मात्रांत कापलेली, ग्रिडवर खिळे ठोकून बसवलेली. इकडं आपल्याच गल्लीत हलगी वाजवणारा माणूस हयात आहे. जत्रेला वाजवतो, लग्नाला वाजवतो, आणि डीजेची गाडी आली की बाजूला उभा राहतो.

त्याच्याकडे एक दिवस जा. हलगी वाजवण्याआधी तो काय करतो ते बघा. कागद-काड्या पेटवून चामडं शेकतो. मधेच बोटानं टिचकी मारून बघतो, पुन्हा शेकतो. थंड चामड्याचा आवाज बसका, शेकलेल्याचा टणक. दोन्ही रेकॉर्ड करा. एकाच वाद्याचे दोन स्वभाव हाताशी आले. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक लवचिक काडी. टिपरू पोटातला आवाज काढतं, काडी कडेवर तडतडते. पॅकमध्ये हे दोन्ही एकमेकांत कालवलेले असतात. तुम्ही ते वेगळे घेऊ शकता. आधी फक्त टिपरू, मग फक्त काडी, मग दोन्ही, आणि शेवटी त्याला मनासारखं वाजवू द्या, तेही मधे न थांबवता.

फोन पुरतो, पण एक अडचण ओळखून ठेवा. फोनचं साधं रेकॉर्डर मोठा आवाज आपोआप दाबतं आणि बारीक आवाज उचलतं. त्यामुळे हलगीचा पहिला तडाखा चेपला जातो आणि मागं भुंकणारं कुत्रं मात्र खणखणीत येतं. हा आपोआप दाबण्याचा प्रकार बंद करता येणारं ॲप घ्या. फाइल वेव्हमध्ये ठेवा. लेव्हल लाल पट्टीपासून बरीच खाली ठेवा, नंतर वाढवता येते. एकदा फाटलेला आवाज मात्र पुन्हा शिवता येत नाही. फोन वाद्याला चिकटवू नका, चार-पाच हात लांब धरा. मग जवळून कडेचा आवाज वेगळा घ्या. पत्र्याच्या शेडमध्ये घुमेल; कापसाच्या गाठी नाहीतर गोधड्या ठेवलेल्या खोलीत नीट येईल. सॉफ्टवेअरलाही क्रॅक शोधत हिंडायची गरज नाही. ऑडॅसिटी फुकट आहे. एफएल स्टुडिओच्या फुकट ट्रायलमध्ये जतन केलेला प्रोजेक्ट पुन्हा उघडत नाही, पण गाणं एक्स्पोर्ट होतं. शिकायला तेवढं बस्स.

दुसरी शिकण्याची गोष्ट लय. जुन्या कॅसेटवरची भीमगीतं, देवीची गाणी, भजनं घड्याळाच्या ठोक्यावर रेकॉर्ड झालेली नाहीत. गायक रंगला की ठेका पुढं सरकतो, कडवं संपताना किंचित सैल होतो. त्याच्याखाली मिनिटाला एकशे अठ्ठावीस ठोक्यांचा ठाम किक लावला की पहिलं कडवं जुळतं आणि दुसऱ्यात गाणं घसरतं. मग पोरं गाणं कापतात, ताणतात, ग्रिडवर ओढून आणतात. गायकाचा जीव तिथंच जातो. ग्रिडच गाण्याप्रमाणे वाकवायचं तंत्र आहे. टेम्पो मॅपिंग म्हणतात त्याला. अवघड नाही, कंटाळवाणं आहे. संबळाचा ठेका ऐका. त्यातली ठोक नेमकी रेघेवर पडत नाही, केसभर मागं रेलते, आणि त्या केसभरातच अंगात वारं येतं. ठोके रेघेवर ओढणारं क्वांटाइझचं बटण दाबलंत की तो केस कापला गेला. कोजागिरीला तुळजापुराकडे या भागातली माणसं चालत निघतात, तेव्हा वाटेवर संबळ वाजत असतो. त्यांच्याबरोबर दोन मैल चाला. कोणत्याही ट्यूटोरियलपेक्षा जास्त कळेल.

आता बेसबद्दल, कारण त्यावाचून कुणाचं समाधान होत नाही. पन्नास हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते. बीदरच्या जुन्या शहरात चौबाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्या आठवा. कित्येक गल्ल्यांची रुंदी त्या लाटेपेक्षा कमी. लाट भिंतीवर आपटते, परत येते, पुढच्या लाटेत मिसळते. एका जागी बेस दुप्पट, चार पावलांवर गायब. मिक्समध्ये आणखी बेस भरून हे सुटत नाही, चिखल तेवढा वाढतो. त्यातून गाडीवरची सिस्टीम बहुधा मोनोत चाललेली असते. इअरफोनमध्ये रुंद, भरगच्च वाटणारा स्टिरिओ बेस मोनोत आला की डावं-उजवं एकमेकांना खाऊन टाकतं. म्हणून मिक्स संपवण्याआधी मोनोचं बटण दाबून ऐका. पुन्हा हळू आवाजात ऐका. हळू आवाजात गायकाचे शब्द आणि हलगीची काडी कळली तर मिक्स जमला.

किक आणि बेस एकाच जागेसाठी भांडत असतील तर एकानं हटायला हवं. बीदरच्या पोराला हे मी बिदरीवरून सांगेन. जस्त-तांब्याच्या भांड्यावर नक्षी कोरून चांदी ठोकतात, तोवर ती उठून दिसत नाही. शेवटी किल्ल्यातली माती नवसागरात कालवून चोळली की धातू काळा पडतो, चांदी तशीच राहते, आणि मग वेल दिसते. मिक्समध्येही काहीतरी काळं पडावं लागतं. सगळ्या पट्ट्या वर ढकलणाऱ्याला ही वेल कधीच दिसणार नाही.

कानांचं बोलतो आणि हे कळवळून बोलतो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशोब असा: 85 डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास चालतील, पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला चार तास. 100 ला फक्त पंधरा मिनिटं. गाडीवर स्पीकरला पाठ लावून पाच-सहा तास उभा राहणारा पोरगा रोज काय गमावतो ते यावरून काढा. कानाच्या आतल्या केसपेशी मेल्या की परत येत नाहीत. वरचे सूर आधी जातात. मग तोच पोरगा मिक्समध्ये टॉप वाढवत राहतो, कारण त्याला ऐकू येत नाही. फोमचे बोळे मेडिकलमध्ये मिळतात. संगीतकार व्हायचं असेल तर ते खिशात हवेतच. आणि आयोजकांनो, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा लिहिली आहे. ती ओलांडायला तुम्हीच सांगायचं आणि गुन्हा दाखल झाला की गाडीवरच्या पोराला पुढं करायचं, हा अन्याय आहे.

यंत्रानं माणूस मोठा होतो असं वाटणाऱ्यांनी चरणजित सिंग यांचं उदाहरण बघावं. मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारा हा माणूस. 1982 मध्ये त्यांनी रोलँडची टीबी-303 आणि टीआर-808 ही यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. 2010 मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली आणि जग चकित झालं. शिकागोत ‘ॲसिड हाउस’ म्हणून गाजलेल्या आवाजाशी तिचं इतकं जुळत होतं, आणि शिकागोची ती लाट तर 1987 च्या सुमाराची. ती यंत्रं बाजारात कुणालाही मिळत होती. राग चरणजित सिंगांच्या बोटांत होते.

आपल्याकडे बोटांत बसण्यासारखं काय आहे, असं विचारणाऱ्याला मी हुमनाबादजवळच्या माणिकनगरला नेईन. माणिकप्रभूंनी एकोणिसाव्या शतकात तिथं मराठी, कन्नड, हिंदी अशा निरनिराळ्या भाषांत पदं रचली. दत्तजयंतीला तिथं आजही गाणंबजावणं चालतं. गाणगापूरची पालखी आहे. मोहरममध्ये कन्नडातून गायली जाणारी रिवायत आहे. तांड्यावरच्या लमाणी बायांची गाणी आहेत. चार-पाच भाषा एका एसटीत बसलेल्या असतात आपल्याकडे. लंडनचा निर्माता यासाठी विमानाचं तिकीट काढेल. तुम्हाला एसटीचं तिकीट पुरतं. आणि तुम्ही टेलिग्रामवर पॅक शोधत बसलात?

राहिला पैशांचा विषय. दुसऱ्याच्या गाण्याचा रिमिक्स यूट्यूबवर टाकला की क्लेम येतो, जाहिरातीचे पैसे कंपनीकडे जातात, कधी व्हिडिओच उडतो. पारंपरिक चाल कुणा एकाची नसते. तुम्ही स्वतः केलेलं रेकॉर्डिंग मात्र तुमचं असतं, आणि कायद्यानं त्याला प्रकाशनानंतर 60 वर्षं संरक्षण आहे. त्याच कायद्यात वाजवणाऱ्याचाही हक्क वेगळा मान्य केलेला आहे. तेव्हा हलगीवाल्या मामांना आधी विचारा, हे कशासाठी हवंय ते नीट सांगा. दिवसभर बसवलंत तर दिवसाची मजुरी द्या, चहावर भागवू नका. फाइलला त्यांचं नाव आणि गावाचं नाव द्या. व्हिडिओखाली तुमच्या नावाच्या वर त्यांचं नाव लिहा. मिक्सला पुढं पैसे मिळाले तर त्यांचा वाटा किती, हे दोघांनी बसून आधीच कागदावर ठरवा. आणि तयार झालेला मिक्स सगळ्यात आधी त्यांना ऐकवा. ते म्हणाले, “ठेका चुकलाय,” तर घरी जाऊन दुरुस्त करा.