शनिवारचं ऑइल

दाजींच्या मते गाडीला पेट्रोल आणि लिंबू-मिरची एवढं पुरतं. बाकी सगळं कंपन्यांनी माणसाला लुटायला काढलेलं असतं. ‘ऑइल सांडत नाही, जळत नाही, मग बदलायचं कशाला?’ हा त्यांचा सवाल, आणि त्यांच्या २००९ सालच्या मारुती ८००ने तो वर्षानुवर्षं निमूट ऐकून घेतला होता. शिरूरला घोडनदी ओलांडून आम्ही नगर जिल्ह्यात शिरलो, तेव्हा तिने पहिल्यांदा उत्तर दिलं. खालून. खट्, खट्, खट्.

‘रस्ता वाजतोय,’ दाजी म्हणाले.

सुप्यापर्यंत रस्ताच वाजत होता. कामरगावला तर तो चढावर जास्त आणि उतारावर कमी वाजू लागला. मागच्या सीटवर आत्या डोळे मिटून शनीचा जप करत होत्या, कारण वार शनिवार होता आणि आम्हाला शिंगणापूर गाठायचं होतं. तेवढ्यात डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचं लाल चित्र उजळलं.

‘अहो, दिवा लागलाय,’ ताई म्हणाली.

‘लागू दे. शनिवार आहे.’

केडगाव मागे पडलं आणि खटखटीचा ठणठणाट झाला. ताईने शांतपणे गाडी कडेला घ्यायला लावली, हात लांब करून चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं. या एका चावीबद्दल पुढे मिस्त्रींनी तिचं जे कौतुक केलं, ते दाजी अजून पचवतायत.

ट्रॅक्टरला दोर बांधून आमची वरात कायनेटिक चौकाकडे निघाली. पाट्यांवर आता अहिल्यानगर असतं, ट्रॅक्टरवाल्याच्या तोंडी अजून नगरच. नगरकरांना या चौकाचं नाव समजावून सांगावं लागत नाही. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ साली लुना काढली आणि निम्म्या महाराष्ट्राला पेडल मारत मारत पेट्रोलच्या युगात आणलं. ती टू-स्ट्रोक. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, दोन्ही एकदमच जळायचं. खाली ऑइलचा चेंबर नाही, त्यामुळे तो उतरवायचा प्रश्न नाही. दाजींसारख्यांसाठी खरं तर तेच वाहन योग्य होतं. कोणीतरी त्यांना चार चाकं आणि चार स्ट्रोक देऊन उगाच अडचणीत आणलं.

मिस्त्री साठीचे. त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि दोन सेकंद गाडी चालू करायला सांगितली.

‘बस. बंद करा. बिगेंड बोलतोय.’

‘काय बोलतोय?’ आत्यांनी विचारलं.

‘शेवटचं, आत्या. चेंबर उतरवावा लागंल.’

गाडी खड्ड्यावर घेतली. ड्रेन नट ढिला होताच घमेल्यात जे उतरलं त्याला ऑइल म्हणायला मिस्त्रींची जीभ धजेना. मग चेंबरचे बारीक बोल्ट एकेक करून निघाले. तरी चेंबर हलेना. छन्नीच्या टोकाने चारी बाजूंनी टकटक केल्यावर तो एकदाचा खाली आला. तळाशी काळा गाळ. मिस्त्रींनी त्यात बोट फिरवलं, अंगठ्यावर चोळलं आणि अंगठा उन्हात धरला. अंगठा चमकत होता.

‘चमकी आलीय,’ ते हळू आवाजात म्हणाले. पत्रिका बघणारा माणूस मंगळ सापडल्यावर जसा आवाज उतरवतो, तसा.

एका मोडक्या स्पीकरचं चुंबक आलं. ते वर्तमानपत्राखालून फिरवल्यावर थोडे कण त्याच्यामागे धावले, बरेचसे जागेवरच बसून राहिले. जे धावले ते लोखंडाचे. जे बसले ते बेअरिंगचे. मिस्त्रींनी कनेक्टिंग रॉडची टोपी सोडवून बेअरिंगची अर्धगोल पट्टी आमच्या हातात दिली. पाठ पोलादी, आतल्या अंगाला मऊ धातूचा पातळ थर. हा थर मुद्दाम मऊ ठेवतात. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये दाबाखालच्या ऑइलचा पडदा असतो, तोवर दोघं एकमेकांना टेकतही नाहीत. ऑइल कमी पडलं, घाण झालं, की पडदा फाटतो आणि धातूला धातू लागतो. अशा वेळी झिजायचं ते बेअरिंगने. क्रँक महाग, बेअरिंग स्वस्त.

‘म्हणजे आमच्या घरात मी,’ ताई म्हणाली.

दाजींनी घमेल्यात लक्ष घातलं.

मिस्त्रींनी क्रँकवरून नख फिरवलं. नख कुठे अडकलं नाही. ‘वाचलाय. वहिनींनी टायमाला चावी फिरवली. अजून कोसभर हाणली असती तर इंजिनच बसलं असतं.’ मग त्यांनी यादी सांगितली: बेअरिंग सेट, फिल्टर, गॅस्केट, तीन लिटर ऑइल.

खरी अडचण इथे सुरू झाली. आत्या उठून उभ्या राहिल्या. ‘जावईबापू, आज शनिवार. तेल आणि लोखंड आज विकत घ्यायचं नाही. गॅस्केट घ्या हवं तर.’

‘आत्या, बेअरिंग म्हणजे लोखंड नाही. बघितलंत ना, चुंबकाला चिकटत नाही,’ मी म्हणालो.

आत्यांनी पट्टी उलटी केली आणि चुंबक तिच्या पाठीला लावलं. टक्. संशोधन संपलं.

मिस्त्रींनी असे शनिवार पुष्कळ पाहिले असावेत. ‘आज माल मी माझ्या नावावर आणतो. तुम्ही पैसे उद्या द्या. म्हंजे खरेदी रविवारची.’ शास्त्र आणि उधारी यांचा असा मेळ बसलेला पाहून दाजींच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा तेज आलं.

एसटीला अवकाश होता, म्हणून आम्ही रणगाड्यांचं संग्रहालय पाहून घेतलं. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र नगरला आहे आणि १९९४ साली उभं राहिलेलं हे संग्रहालय त्याचंच. ६५च्या युद्धात पाकिस्तानकडून जिंकून आणलेला पॅटन, आपला विजयंता आणि चिलखत चढवलेली रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट, सगळे ओळीने उन्हात उभे. दाजी प्रत्येक रणगाड्याखाली वाकून बघत होते.

‘काय शोधताय?’

‘काही गळत नाही,’ ते खिन्नपणे म्हणाले.

मग माळीवाड्यावरून एसटी. इमामपूरच्या घाटात ती असे काही आवाज काढू लागली की मिस्त्रींचा स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून दोन आठवडे ऐकत बसावं. पण कंडक्टर शांतपणे तिकिटं फाडत होता. पांढरीचा पूल, घोडेगाव, आणि पुढे बैलाच्या घाण्यावर उसाचा रस काढणाऱ्या रसवंत्यांची रांग लागली की शिंगणापूर आलंच.

हे घराच्या चौकटींना दारं न लावणारं गाव. २०११ साली बँकेने इथे शाखा काढली तीसुद्धा बिनकुलपाची. चौथऱ्यावर शनीची काळी शिळा उघड्यावर उभी, तिच्यावर दिवसभर तेल. भेसळीच्या तेलाने शिळेची झीज होते, म्हणून १ मार्च २०२५पासून इथे शुद्ध, ब्रँडचंच तेल वाहायचं असा नियम झाला आहे.

‘ऐकलंत?’ ताई दाजींना म्हणाली. ‘खराब तेलाने दगडसुद्धा झिजतो.’

आत्यांनी सीलबंद बाटली विकत घेतली.

‘आत्याबाई, आज शनिवार. तेल?’ दाजी म्हणाले.

‘हे मी घरी नेणार आहे का?’

‘ते ऑइल तरी कुठे घरी न्यायचं होतं? गाडीतच घालायचं होतं ना?’

आत्या रांगेतच थबकल्या. मागच्यांनी पुढे सरका म्हणून गलका केला. ‘मग हे तिथं बोलायचं होतं, जावईबापू,’ त्या म्हणाल्या आणि पुढे सरकल्या.

दर्शन झाल्यावर दाजी बाजूला गेले आणि त्यांनी फोन लावला. ‘हां, मिस्त्री? ते ऑइल चांगल्यातलं टाका. एकदम टॉपचं... हो, हो, महाग असू दे, तुम्ही आणा बिनधास्त... छे छे, पैसे उद्याच. आज शनिवार आहे.’