मोबाईल ब्रॉडबँड यांच्या अर्जाची छाननी

प्रति,
श्री. मोबाईल ब्रॉडबँड,
मु. सर्वत्र (जाहिरातीप्रमाणे)

विषय : मणिबेली, ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार येथील इंटरनेटच्या रिक्त जागेसाठी आलेल्या अर्जाबाबत.

मोबाईल ब्रॉडबँड म्हणजे टॉवरवरून रेडिओलहरींनी थेट फोनमध्ये येणारे इंटरनेट. घरापर्यंत तार ओढावी लागत नाही, चर खणावा लागत नाही. सिम घातले की काम सुरू. अर्जदाराची ही मुख्य पात्रता, आणि सातपुड्याच्या उतारांवर पाड्यापाड्यांत विखुरलेल्या गावासाठी ती लहान नाही. फायबर केबलने या जागेसाठी अद्याप उत्सुकता दाखवलेली नाही. तथापि एकच अर्ज आला म्हणून अर्जदार आपोआप लायक ठरत नाही, सबब ही छाननी.

छाननी गरजेपासून सुरू होते. जाहिरातींतली गरज म्हणजे सिनेमा, क्रिकेट आणि हसणारे कुटुंब. एचडी चित्रपटाला तासाला साधारण एक ते तीन जीबी डेटा लागतो, म्हणजे रोज दीड जीबी देणारा प्लॅन मध्यंतरालाच धापा टाकतो. त्यानंतर अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि एक एमबीचा फोटो चढायला दोन मिनिटांहून अधिक वेळ घेतो. सरकारच्या २०२३ च्या व्याख्येप्रमाणे किमान २ एमबीपीएस वेग असेल तरच जोडणीला ब्रॉडबँड म्हणता येते. डेटा संपल्यावर अर्जदाराने आडनाव लावू नये, हे यावरून ओघानेच आले.

मणिबेलीसारख्या गावाची गरज मात्र गावात ठरत नाही, कार्यालयात ठरते. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवरची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाईल अ‍ॅपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून घेणे सक्तीचे झाले. अंगणवाडी सेविकेच्या नोंदी पोषण ट्रॅकरवर गेल्या. रेशन दुकानात ई-पॉस यंत्र अंगठा मागते, बँकमित्राचे यंत्रही तेच मागते. याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. अंगठ्याची नोंद करायला शासन आधी पोचले. त्या अंगठ्याची ओळख पटवून आणणारी लहर मागून येत आहे.

या सगळ्या कामांत एक गोष्ट समान आहे, आणि ती अर्जात कुठेच नमूद नाही : ही वर पाठवण्याची कामे आहेत, खाली उतरवण्याची नाहीत. टॉवर दहा वॅटहून बऱ्याच अधिक ताकदीने बोलतो. फोनचे उत्तर जाते साधारण पाव वॅटहून कमी ताकदीने. त्यामुळे रेंजच्या कडेला टॉवरचे फोनला ऐकू येते, फोनचे टॉवरला येत नाही. पडद्यावर रेंजच्या दोन दांड्या उभ्या असतात आणि हजेरीचा फोटो गोल गोल फिरत राहतो. म्हणून निवड करताना वेग तपासायचा तो अपलोडचा. जाहिरातीत मोठ्या टायपात छापलेला आकडा डाउनलोडचा असतो.

पुढचा मुद्दा भूगोलाचा. कमी वारंवारतेच्या लहरी, म्हणजे ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या, लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्या शिरतात. २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी भरपूर डेटा वाहतात पण लवकर थकतात. डोंगरापुढे मात्र दोघींचेही फारसे चालत नाही. सरदार सरोवरात बुडालेले महाराष्ट्रातले पहिले गाव ही मणिबेलीची ओळख. मूळ वस्ती पाण्यात गेली, पुनर्वसनाला न गेलेली घरे वर सरकली, आणि धरणाची उंची १३८.६८ मीटर झाल्यावर नदीकाठ आणखी वर चढला. आता एक पाडा एका सोंडेवर, दुसरा तिच्या मागे. सरकारी तक्ता मोजतो गाव, लहर मोजते पाडा. गावातल्या एका टेकडीवर रेंज आली की ‘गाव व्यापले’ असा शेरा पडतो. टेकडीमागच्या पाड्याने तो शेरा पायी जाऊन वाचावा अशी अपेक्षा असावी. शिवाय गाव गुजरातच्या हद्दीला लागून. अशा ठिकाणी फोन पलीकडच्या राज्याचा टॉवर धरू शकतो. बोलणे होते, पण तक्रार महाराष्ट्र सर्कलने ऐकायची की गुजरात सर्कलने, हा प्रश्न टॉवरहून उंच आहे.

अर्जदाराच्या पाठीशी कोण आहे, हेही पाहावे लागते. टॉवर स्वतः इंटरनेट तयार करत नाही. त्याला मागून फायबर, मायक्रोवेव्ह किंवा उपग्रहाची जोडणी लागते आणि रात्रंदिवस वीज लागते. मुसळधार पावसात उच्च वारंवारतेची जोडणी क्षीण होते, वीज गेली की बॅटरी काही तास तग धरते, पुढे डिझेल. ते डिझेल डोंगरवाटेने किंवा होडीने येणार. म्हणून उन्हाळ्यात चाचणी घेऊन कोणी निर्णय करू नये. श्रावणात चालले तर चालले.

शिफारसपत्रे भरपूर जोडलेली आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने महाराष्ट्रासह पाच राज्यांच्या आकांक्षित जिल्ह्यांतील ७,२८७ गावांसाठी ४जी योजना मंजूर केली; नंदुरबार हा आकांक्षित जिल्हाच. जुलै २०२२ मध्ये देशभरातील २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर होऊन काम बीएसएनएलकडे गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केले, त्यातही नंदुरबारचे नाव आहे. सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या या उपग्रहांना सातपुड्याची सोंड फारशी आडवी येत नाही, वर मोकळे आकाश लागते. अडचण अँटेनाच्या किमतीची आणि विजेची. जाता जाता नोंद : १९९४ साली जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणे थांबवावे अशी मागणी करणाऱ्या ‘मणिबेली जाहीरनाम्या’वर ४४ देशांतील ३२६ संघटनांनी सह्या केल्या. तेव्हा गावात रेंज नव्हती. म्हणजे नाव पोचण्यासाठी अर्जदाराची गरज पडली नाही. रेशन पोचण्यासाठी पडते.

शेवटची त्रुटी अर्जदाराच्या स्वभावातली आहे. तारेचे इंटरनेट घराचे असते, मोबाईलचे माणसाचे. घरात एकच स्मार्टफोन असेल आणि तो धरून कर्ता माणूस दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेला, तर इंटरनेटही ऊसतोडीला जाते. ओटीपी फडात येतो, रेशनकार्ड घरी राहते. मुलांच्या अभ्यासासाठी, शाळेच्या किंवा आरोग्य केंद्राच्या कामासाठी जागेवरच राहणारी जोडणी लागते, मग ती जागेवर बसवलेल्या राउटरमधून मोबाईल लहरींवर चालणारी असली तरी हरकत नाही.

सबब निर्णय असा. बोलणे, निरोप, पैसे पाठवणे, एखादा फॉर्म भरणे, एवढीच गरज असलेल्या आणि दारातून रेंज मिळणाऱ्या घरासाठी अर्जदार योग्य आहे, तारेहून स्वस्तही. दिवसभर व्हिडिओवर चालणारा वर्ग, दूरस्थ वैद्यकीय सल्ला किंवा ठरलेल्या वेळेचीच हजेरी यांसाठी एकट्या अर्जदारावर विसंबू नये. मणिबेलीत हंगामी नियुक्ती देण्यात येत आहे, पुढील अटींवर : सिम घेण्याआधी वेगवेगळ्या कंपन्यांची सिमे पाहुण्यारावळ्यांकडून मागून घराच्या आत, दारात आणि कामाच्या जागी, सकाळी व संध्याकाळी अपलोड तपासले जाईल, नकाशावरचा रंग पुरावा मानला जाणार नाही, आणि रेंज नसलेल्या दिवशी हजेरी व धान्य कागदी वहीवर देण्याची सोय संबंधित कार्यालये चालू ठेवतील. तिसरी अट अर्जदाराच्या हातातली नाही, म्हणून प्रत त्या कार्यालयांना रवाना. ईमेलने नव्हे, होडीने.